‘हिमनग’ : शब्द, अर्थ आणि उपयोजन

प्रत्येक भाषेत असे काही शब्द असतात, की त्यांनी निर्देशित होणारी वस्तू बहुसंख्य भाषकांनी कधी पाहिलेली नसते. तरीही ते शब्द त्यांच्या तोंडी रुळलेले असतात. मराठीतील ‘हिमनग’ हा अशांपैकी एक शब्द होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून हिमनग दिसणे शक्य नाही. असे असूनही ‘हे तर हिमनगाचे टोक’ हा शब्दबंध वृत्तपत्रांतून, भाषणांतून आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून वारंवार भेटतो. या शब्दाची घडण, त्याचा वाच्यार्थ, त्यावरून सिद्ध झालेला लाक्षणिक अर्थ आणि पालघर व बोईसर-तारापूर या परिसरात होणारे त्याचे उपयोजन यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एका वर्गचाचणीचे. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना काही वाक्प्रचारांचे अर्थ लिहावयास दिले होते. त्यांत ‘हिमनगाचे टोक’ हा एक होता. सातपाटीकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते : “हिमनग म्हणजे बर्फाचा एक नग. त्याचा थोडा भाग वर राहतो, बाकीचा पाण्यात जातो.” उत्तराचा दुसरा भाग बरोबर होता, परंतु ‘नग’ या शब्दाचा अर्थ चुकला असे ठरवून प्रस्तुत लेखकाने त्याचे गुण कापले. वर्गात उत्तरपत्रिका परत केल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्याकडे बर्फाची लादी नगावरच घेतात. बोटीच्या खणात भरताना किती नग टाकले ते मोजतात. मग हिमनग म्हणजे बर्फाचा नग का नाही?” त्या वेळी त्याला व्युत्पत्ती सांगून गप्प बसविले. पुढे मात्र असे वाटू लागले, की हा प्रश्न इतक्या सहजासहजी निकालात काढण्यासारखा नव्हता.

१. शब्दाची घडण

‘हिमनग’ हा ‘हिम’ आणि ‘नग’ या दोन संस्कृत शब्दांचा षष्ठी तत्पुरुष समास आहे : हिमाचा नग, म्हणजे बर्फाचा पर्वत. ‘नग’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ‘न गच्छति’ अशी दिली जाते. जो जात नाही, जागचा हलत नाही, तो नग. याच कारणाने ‘नग’ या शब्दाने पर्वत आणि वृक्ष असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात व अमरकोशात ते दोन्ही नोंदविलेले आहेत. आकाशात जाणारा तो ‘खग’ आणि न जाणारा तो ‘नग’ अशी ही जोडी आहे. हिमालयाला कालिदासाने नगांचा अधिराज म्हटले आहे, पार्वतीला ‘नगजा’ म्हटले जाते, आणि पर्वताला ‘अचल’ हा पर्याय याच कल्पनेतून मिळाला आहे.

मराठीच्या नित्य व्यवहारात मात्र पर्वत या अर्थी ‘नग’ हा शब्द उरलेला नाही. डोंगराला नग म्हणणारा मराठी माणूस शोधूनही सापडणार नाही. व्यवहारात जिवंत आहे तो दुसरा ‘नग’. रत्न किंवा अंगठीतील खडा या अर्थाच्या फारसी ‘नगीन’ शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. एक सुटी वस्तू, मोजणीचा एक अंक, असा त्याचा अर्थ स्थिरावला आहे. कापडाचे नग, यंत्राच्या सुट्या भागांचे नग, बर्फाच्या लाद्यांचे नग असे आपण म्हणतो. पुढे याच शब्दाचा उपहासात्मक विस्तार होऊन ‘एकेक नग भेटतो’ अशी वाक्येही रूढ झाली. बोईसरच्या कारखान्यांतील मालाच्या पावत्यांवर जो ‘नग’ लिहिलेला असतो तो हाच.

त्यामुळे ज्याने संस्कृतचा अभ्यास केलेला नाही अशा भाषकाने ‘हिमनग’ या शब्दाची फोड ‘बर्फाचा नग’ म्हणजे ‘बर्फाचा सुटा तुकडा’ अशी करावी, हे अगदी स्वाभाविक आहे. भाषाविज्ञानात या प्रक्रियेला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अपरिचित घटकाच्या जागी परिचित घटक कल्पून शब्दाचा अर्थ लावणे, हे तिचे स्वरूप होय.

हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे जन्मलेला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजीतील ‘आइसबर्ग’ हा शब्द डच भाषेतील ‘बर्फाचा डोंगर’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. त्यातील ‘आइस’ हा भाग इंग्रजीने आपला करून घेतला आणि डोंगरवाचक ‘बर्ग’ तसाच ठेवला. मराठीने मात्र दोन्ही घटकांचे भाषांतर केले. अशा शब्दांना अनुवादित आदान म्हणता येईल. या आदानासाठी शेजारच्या भाषांनी वेगळे घटक निवडले, हे तौलनिक दृष्ट्या उद्बोधक आहे. हिंदीत ‘हिमशैल’ याबरोबर ‘हिमखंड’ हा शब्द सर्रास वापरला जातो. गुजरातीत ‘हिमशिला’ हा शब्द रूढ आहे. डहाणू-तलासरीकडील जो विद्यार्थी मराठी आणि गुजराती अशी दोन्ही वृत्तपत्रे वाचतो, त्याला एकाच वस्तूसाठी पर्वत आणि शिळा अशा दोन प्रतिमा मिळतात. हिंदीतील ‘खंड’ तर आपल्या सातपाटीच्या विद्यार्थ्याच्या ‘नगा’च्या अगदी जवळचा आहे.

२. वस्तूचे स्वरूप

शब्दाकडून वस्तूकडे वळले की एक विसंगती ध्यानात येते. हिमनग हा वास्तविक पर्वत नाही. ध्रुवीय प्रदेशातील हिमनद्या आणि किनाऱ्याला लागून असलेल्या हिमस्तरांचे समुद्रात घुसलेले कडे तुटून जे प्रचंड तुकडे सुटे होतात, ते हिमनग. समुद्राचे पाणी गोठून ते तयार होत नाहीत. हजारो वर्षे पडत राहिलेल्या हिमाचा दाबाने बनलेला तो गोड्या पाण्याचा बर्फ असतो. आणि सुटल्यानंतर तो वाऱ्याबरोबर व प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातो. म्हणजे ज्याला आपण ‘न जाणारा’ असे नाव दिले त्याचा मुख्य धर्म जाणे हाच आहे.

याउलट ‘बर्फाचा सुटा तुकडा’ हा त्या विद्यार्थ्याने दिलेला अर्थ वस्तूच्या स्वरूपाला अधिक जवळचा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो चूक, परंतु वस्तुज्ञानाच्या दृष्टीने बरोबर, असा हा पेच आहे. शास्त्रीय व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते. वस्तूचे सत्य सांगण्याची जबाबदारी तिच्यावर नसते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

‘नग’ या शब्दाच्या बाजूने एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे. १९८६ साली अंटार्क्टिकातील फिल्शनर हिमस्तरापासून तुटलेला एक अवाढव्य हिमनग वेडेल समुद्राच्या तळाला टेकून तीसहून अधिक वर्षे एकाच ठिकाणी अडकून पडला होता. शास्त्रज्ञांनी त्याला ‘ए-२३ए’ असे नाव दिले आहे. २०२० च्या सुमारास तो हलू लागला, मार्च २०२५ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ उथळ पाण्यात पुन्हा थांबला आणि नंतर त्याचे तुकडे होत गेले. तीन दशके तरी त्याने आपले मराठी नाव सार्थ केले असे म्हणावयास हरकत नाही.

हिमनगाचा बराचसा भाग पाण्याखाली का राहतो, याचे कारण साधे आहे. बर्फाची घनता दर घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम असते, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १०२५ किलोग्रॅम. या दोहोंच्या गुणोत्तरानुसार हिमनगाच्या घनफळाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली आणि साधारण एक-दशांश भाग वर राहतो. हे प्रमाण घनफळाचे आहे, उंचीचे नव्हे. तसेच सर्व हिमनगांना टोक असतेच असे नाही. अंटार्क्टिकातील अनेक मोठे हिमनग मेजासारखे सपाट माथ्याचे असतात. ‘टोक’ ही कल्पना ग्रीनलंडकडून उत्तर अटलांटिकमध्ये येणाऱ्या, सुळक्यासारख्या हिमनगांवरून आलेली दिसते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक हे जहाज ज्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वी सुमारे दीड हजार माणसांसह बुडाले, तो हिमनग याच समुद्रातला.

आणखी एक भौतिक तपशील पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. हिमनगाचा वरचा भाग तुटून पडला किंवा वितळला, तर खालचा भाग तेवढ्या प्रमाणात वर उचलला जातो. कधी कधी तोल जाऊन संपूर्ण हिमनग उलटतो. टोक छाटल्याने हिमनग संपत नाही. नवे टोक वर येते.

३. वाच्यार्थाकडून लक्ष्यार्थाकडे

‘हिमनगाचे टोक’ या शब्दबंधाचा लाक्षणिक वापर इंग्रजीत साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापासून सार्वत्रिक झाला. तत्पूर्वी अर्नेस्ट हेमिंग्वे याने १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेथ इन द आफ्टरनून’ या पुस्तकात लेखनकलेचा विचार मांडताना हिमनगाचा दृष्टान्त दिला होता. त्याने दृश्य भाग एक-अष्टमांश मानला आणि लेखकाला जे पुरते ठाऊक आहे ते त्याने वगळले तरी वाचकाला जाणवते, असा सिद्धान्त त्यावरून मांडला. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून जाणीव आणि नेणीव यांच्यासाठी हीच प्रतिमा फ्रॉइडच्या विवेचनाला जोडून दिली जाते. मराठी वाचकाला ही प्रतिमा एकीकडे भूगोलाच्या पुस्तकातून आणि दुसरीकडे इंग्रजी वृत्तलेखनाच्या अनुवादातून मिळाली. प्रत्यक्ष हिमनग पाहणारे भारतीय फार थोडे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून अंटार्क्टिकाकडे निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेपासून त्यांची संख्या थोडीशी वाढली, इतकेच.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन यांपैकी एक. ‘ही घटना हिमनगाचे टोक आहे’ या वाक्यात घटना बर्फाची असू शकत नाही म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो; सादृश्याने संबंध जुळतो; आणि जे दिसते त्याच्या कितीतरी पट अदृश्य आहे हे सुचविणे हे प्रयोजन ठरते. लक्षणा प्रयोजनमूलक आहे तोवर श्रोता थबकतो व त्या अदृश्य भागाचा विचार करू लागतो. पुनरुक्तीने ती केवळ रूढीवर जगू लागली, की श्रोता थबकत नाही. बोलणाऱ्यालाही त्या बुडालेल्या भागाचे उत्तरदायित्व वाटेनासे होते.

या प्रतिमेचे अर्थघटक पुढीलप्रमाणे मांडता येतील : (१) दृश्य आणि अदृश्य भाग एकाच पिंडाचे आहेत, (२) अदृश्य भाग दृश्य भागाहून कितीतरी पट मोठा आहे आणि त्याचे प्रमाण अनुमानाने काढता येते, (३) धोका अदृश्य भागात आहे, (४) दृश्य भाग दूर केल्याने अदृश्य भाग नाहीसा होत नाही. विद्यार्थ्यांच्या लेखनात यांपैकी बहुधा दुसराच घटक, तोही ‘खूप मोठे’ एवढ्या मोघम अर्थाने शिल्लक राहिलेला दिसतो. काही ठिकाणी ‘भ्रष्टाचाराने हिमनगाचे टोक गाठले’ अशी वाक्ये आढळतात. येथे ‘कळस गाठणे’ या वाक्प्रचाराशी सरमिसळ होऊन अर्थ उलटा झाला आहे, कारण टोक हा हिमनगाचा सर्वांत लहान भाग. ‘हिमनगाचे एक टोक’ या रचनेतील ‘एक’ हाही निरर्थक आहे. अनुवादकाने ‘शिखर’ न योजता ‘टोक’ योजले ते विचारपूर्वक असावे. शिखराला भव्यता आहे. सुईच्या किंवा लेखणीच्या अग्राला लावला जाणारा ‘टोक’ हा शब्द दृश्य भागाचे लहानपण नेमके दाखवतो.

४. मराठीतील जवळचे वाक्प्रचार

हे आदान मराठीला आवश्यक होते काय? याचे उत्तर शोधताना दृश्य आणि अदृश्य यांचा संबंध सांगणाऱ्या मराठी म्हणींकडे पाहावे लागते.

‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीत दृश्य शीत हा संपूर्ण भाताचा नमुना आहे. तेथे गुणाचे अनुमान आहे, परिमाणाचे नाही, धोकाही नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ या म्हणीत अदृश्य हे दृश्याचे उगमस्थान आहे, परंतु रोख अभावावर आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अदृश्याचे मोल सांगते आणि झाकण्याची भलामणही करते. ‘पाण्यात म्हैस आणि वर मोल’ या म्हणीत तर हिमनगासारखेच दृश्य आहे : पाण्यात बुडालेले भले मोठे शरीर आणि वर दिसणारा थोडा भाग. परंतु तिचा निष्कर्ष वेगळा आहे. जे पाहिले नाही त्याचा सौदा करू नये, असा व्यवहारी इशारा ती देते. हिमनगाची प्रतिमा म्हणते की न पाहिलेल्याचेही अनुमान करता येते. म्हशीची म्हण म्हणते की आधी तिला पाण्याबाहेर काढा.

यावरून असे दिसते की ‘एकाच पिंडाचा, कितीतरी पट मोठा आणि धोकादायक असा अदृश्य भाग’ ही अर्थच्छटा व्यक्त करणारी म्हण मराठीत नव्हती. त्या अर्थाने हे आदान उपयुक्त ठरले आहे.

तथापि या म्हणींत एक गोष्ट अशी आहे, की जी हिमनगाच्या प्रतिमेत नाही. या म्हणींमागे बहुधा एक कर्ता उभा असतो. मूठ कोणीतरी झाकलेली असते. पाण्यातल्या म्हशीचे मोल कोणीतरी सांगत असतो आणि कोणीतरी करत असतो. पोहरा कोणीतरी सोडलेला असतो. हिमनगाला मात्र कर्ता नाही. त्याला कोणी बुडवून ठेवलेले नसते. घनतेच्या नियमाने तो बुडालेला असतो. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु उपयोजनाचा विचार करताना तोच निर्णायक ठरतो.

किनाऱ्यावरील मच्छीमारांचा अनुभव याहून वेगळी प्रतिमा पुरवतो. तारापूर, घिवली, दांडी, नवापूर, मुरबे, सातपाटी हा पट्टा भरती-ओहोटीचा. उधाणाच्या दिवसांत पाणी कित्येक मीटर चढते-उतरते. भांगाच्या दिवसांत ही चढउतार कमी होते. भरतीत न दिसणारा खडक ओहोटीत उघडा पडतो. तो कोठे आहे हे तांडेलाला ठाऊक असते, कारण त्याने तो ओहोटीत पाहिलेला असतो. येथे अदृश्य हे कायमचे अदृश्य नाही. योग्य वेळी जाऊन पाहिले तर ते दिसते.

५. बोईसर-तारापूर येथील उपयोजन

या परिसरात ‘हिमनगाचे टोक’ हा शब्दबंध सर्वाधिक ऐकू येतो तो औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात. रसायने, औषधे, रंगद्रव्ये, कापड, पोलाद अशा विविध उद्योगांचे हे क्षेत्र आहे. खाडीत मेलेले मासे तरंगताना दिसले, नाल्याचे पाणी रंगीत झाले किंवा एखाद्या कारखान्यात दुर्घटना घडली, की ‘हे हिमनगाचे टोक आहे’ हे वाक्य उच्चारले जाते. ११ जानेवारी २०२० रोजी येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे मृत्युमुखी पडली. अशा घटनेनंतर हे वाक्य जो बोलतो त्याची तळमळ खोटी नसते. प्रश्न आहे तो त्या वाक्यानंतर काय घडते याचा. अनेकदा त्या वाक्याने लेख किंवा भाषण संपते. वास्तविक ते वाक्य आरंभाचे आहे. पाण्याखाली नऊ भाग आहेत असे म्हणणाऱ्याने त्या नऊ भागांचा हिशेब मांडण्याची जबाबदारी स्वीकारलेली असते.

टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर देखरेख ठेवण्यासाठी १९१४ मध्ये आंतरराष्ट्रीय गस्त सुरू झाली. बुडालेल्या भागाच्या ज्ञानातून पाळत ठेवण्याचे कर्तव्य निर्माण झाले. तारापूरच्या संदर्भात असे मोजमाप झालेच नाही असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत ते सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत वाईट, स्थानी आले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने सांडपाण्याच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. दररोज २५ दशलक्ष लिटर क्षमतेच्या जुन्या सामुदायिक प्रक्रिया केंद्रानंतर ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभारण्यात आले. निर्देशांक, अर्ज, क्षमतेचे आकडे ही सर्व भाषा हिमनगाच्या प्रतिमेहून रूक्ष आहे; परंतु पाण्याखालचा भाग तिनेच वर आणला. मच्छीमारांच्या संघटनेने लवादापुढे मांडलेली बाजू ही एका अर्थी ओहोटीची वाट न पाहता पाणी उपसण्याची खटपट होय.

याच ठिकाणी कर्त्याचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. औद्योगिक सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी नवापूरच्या समुद्राकडे जाते. तिचे समुद्रातील तोंड पाण्याखाली असते. ते तेथे निसर्गाने ठेवलेले नाही. आखणी करून, मंजुरी देऊन, खर्च करून माणसांनी ठेवलेले आहे. प्रक्रिया न केलेले पाणी रात्री नाल्यात सोडले जात असेल तर तेही कोणीतरी सोडलेले असते. अशा गोष्टीला ‘हिमनग’ म्हणताच तिचा कर्ता वाक्यातून गळून पडतो आणि मानवी कृतीला निसर्गनियमाचे रूप येते. बोलणाऱ्याचा हेतू दोष दाखविण्याचा असतो, पण त्याने निवडलेली प्रतिमा दोषी व्यक्तीला झाकते. येथे ‘झाकली मूठ’ ही म्हण अधिक सत्यनिष्ठ ठरते, कारण ‘मूठ कोणाची?’ हा प्रश्न तिच्यातच अंतर्भूत आहे.

६. यथार्थ उपयोजनाचे एक उदाहरण

याचा अर्थ ही प्रतिमा सर्वत्र त्याज्य आहे असा नाही. तिचे अत्यंत काटेकोर उपयोजन सार्वजनिक आरोग्यशास्त्रात आढळते. जे. एम. लास्ट यांनी १९६३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘हिमनग’ हेच शीर्षपद वापरून असे दाखविले, की वैद्याकडे येणारे रोगी हा समाजातील एकूण आजाराचा लहानसा भाग असतो. निदान न झालेले आणि लक्षणे प्रकट न झालेले रोगी पाण्याखाली राहतात. तेव्हापासून ‘रोगाचा हिमनग’ ही परिभाषा त्या शास्त्रात रूढ झाली.

पालघर जिल्ह्याला हे उदाहरण परके नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे तालुके येतात. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे कुपोषणाचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. मृत्यू हे टोक होते. पाण्याखाली होती ती तीव्र आणि मध्यम कुपोषित बालके, आणि त्यांच्याही खाली कुपोषणाच्या उंबरठ्यावरील बालके. येथे प्रतिमेचे चारही घटक लागू पडतात. दृश्य व अदृश्य एकाच प्रश्नाचे आहेत; प्रमाण मोजता येते; धोका खालच्या भागात आहे; आणि केवळ तीव्र कुपोषित बालकाला रुग्णालयात नेऊन आणल्याने मध्यम श्रेणीतील दुसरे बालक वर येणे थांबत नाही. या हिमनगाची पाण्याखालची मापे घेते ती अंगणवाडी सेविका. दर महिन्याला वजनकाट्यावर बालक ठेवून ती नोंदवहीत जो आकडा लिहिते, त्या आकड्याने प्रतिमा अर्थपूर्ण होते. त्या आकड्याशिवाय ‘हिमनग’ हा तेथेही केवळ एक भारदस्त शब्द राहिला असता.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘हिमनग’ हे मराठीतील एक अनुवादित आदान असून त्यातील ‘नग’ हा घटक आजच्या भाषकाला मूळ अर्थाने परिचित नाही. त्यामुळे त्याची लोकव्युत्पत्ती होणे अपरिहार्य आहे, आणि ती वस्तूच्या स्वरूपाशी विसंगत नाही. ‘हिमनगाचे टोक’ या शब्दबंधाने मराठीतील एक रिक्त अर्थस्थान भरून काढले आहे. परंतु त्याच्या वापरात प्रमाणाचा विसर पडत आहे, आणि मनुष्यकृत गोष्टींना तो लावला असता कर्त्याचा लोप होतो. जेथे अदृश्य भाग स्वभावतःच अदृश्य आहे आणि मोजता येण्याजोगा आहे, तेथे ही प्रतिमा यथार्थ ठरते. जेथे तो कोणी तरी दडविलेला आहे, तेथे मराठीच्या जुन्या म्हणी अधिक कामाच्या आहेत.

भाषेच्या अध्यापकाने शब्दाचा अर्थ सांगून थांबावे, की त्याच्या उपयोजनाची नैतिक बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ज्या परिसरातील विद्यार्थी घराबाहेर पडताच नाल्याचा रंग पाहतात, तेथे या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. त्या विद्यार्थ्याचे कापलेले गुण नंतर त्याला परत दिले. तेव्हापासून हा वाक्प्रचार विचारताना त्याच्यापुढे एक उपप्रश्न जोडलेला असतो : ‘बुडालेला भाग किती आहे, तो तुम्हांला कसा कळला, आणि तो आपोआप बुडाला की कोणी बुडविला, हे लिहा.’ या उपप्रश्नाला अर्थाइतकेच गुण ठेवलेले आहेत.